बोट आली, दुधी आला!

मालदीव म्हटलं की निळंशार पाणी, हनिमून आणि फोटोच फोटो! पण त्याच देशातल्या एका छोट्या बेटावर आमची ताई दिवसा गणित शिकवते आणि संध्याकाळी मुगाची आमटी करते. तिच्या स्वयंपाकघरात काढलेल्या सहा दिवसांची ही गोष्ट.

‘मालदीवला चाललेय,’ असं मी ग्रुपवर टाकलं आणि पहिला रिप्लाय आला, ‘लग्न कधी केलंस?’ दुसरा, ‘कुठलं रिसॉर्ट?’ तिसऱ्यानं तर थेट बजेटच विचारलं. माझं बजेट काय असणार, कप्पाळ! फ्रीलान्स पत्रकाराला पाण्यावरचा व्हिला परवडत असता तर अजून काय हवं होतं? मी चालले होते माझ्या मामेबहिणीकडे. आमची ही ताई गेली पाच वर्षं तिथल्या एका शाळेत गणित शिकवते. बेटाचं नाव लिहायचं नाही, असं तिनं बजावलंय. ‘एवढंसं गाव आहे गं, उद्या सगळे मलाच विचारत बसतील.’ तेव्हा एवढंच सांगते, की हे बेट राजधानी मालेपासून बरंच उत्तरेला आहे आणि तिथे एकही रिसॉर्ट नाही.

माझ्या बॅगेत माझे कपडे चार किलो आणि मामीचं सामान चौदा किलो. गोडा मसाला, आमसुलं, जाडे पोहे, गूळ, कुळथाचं पीठ, उडदाचे पापड आणि प्रेशर कुकरच्या दोन रबरी रिंगा. हो, रिंगा! ‘बाकी काही विसरलीस तरी चालेल, रिंग विसरू नको,’ असा ताईचा मेसेजच होता. मामीनं पोह्यांच्या डब्यात तळाशी चांदीचा इवलासा गणपतीही ठेवला होता. तो मी निघण्याआधी काढून जिजूंच्या हातात दिला. पूजेच्या मूर्ती, दारू आणि डुकराचं मांस मालदीवमध्ये आणायला बंदी आहे. बॅगा स्कॅन होतात, त्यामुळे रिस्क नको.

सामानासोबत मामीनं एक निरोपही दिला होता. ‘तिला म्हणावं, आता पुरे. पोरगा पुढच्या वर्षी दहावीला जाईल. यंदा कॉन्ट्रॅक्टवर सही करू नको म्हणावं.’ मी ‘हो’ म्हटलं. जिजू काही बोलले नाहीत. भाचा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

घड्याळ अर्धा तास मागे

मुंबईहून माले तसं जवळ. अडीच-तीन तासांत पोचतो आपण. भारतीयांना आधी व्हिसाही काढावा लागत नाही. उतरल्यावर घड्याळ फक्त अर्धा तास मागे करायचं. खरा प्रवास त्यानंतर सुरू होतो. मालेहून छोट्या विमानानं तासभर उत्तरेला हनिमाधूला जायचं आणि तिथून स्पीडबोट. खिडकीतून खाली बघितलं की कुणीतरी निळ्या कापडावर पांढरी रांगोळी सांडल्यासारखं दिसतं. बाराशेच्या आसपास बेटं आहेत या देशात आणि माणसं राहतात ती त्यातल्या दोनशेहून कमी बेटांवर.

जेट्टीवर ताई उभी होती. पाच वर्षांत जरा सावळी झालीय, बाकी तीच. मिठी मारली आणि पहिला प्रश्न काय? ‘रिंग आणलीस?’

बेट पायी फिरायला पाऊण तास लागतो. पांढऱ्या वाळूचे रस्ते, प्रवाळाच्या दगडाच्या जुन्या भिंती, स्कूटर्स, दोन किराणा दुकानं, एक मशीद, एक शाळा. घरांना नंबर नाहीत, नावं आहेत आणि तोच पत्ता. कुत्री औषधालाही सापडत नाहीत, कारण देशात कुत्री पाळायला बंदी आहे. कावळे मात्र आपल्याइतकेच. किनाऱ्यावर लोखंडी चौकटीला दोरीची जाळी बांधलेल्या खुर्च्या असतात, त्यांना जोली म्हणतात. घराघरांत झोपाळा असतो. त्याचं नाव उंदोली. हिंदोळा आठवला ना?

ताई एका कुटुंबाच्या घरात मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहते. घरमालकिणीला ती ‘दत्ता’ म्हणते. मी फिस्सकन हसले. आमच्या डोळ्यांसमोर एकदम टोपीवाले दत्ताभाऊ! पण दिवेही भाषेत दत्ता म्हणजे मोठी बहीण. म्हणजे आमची ताई तिच्या ताईच्या घरात राहते.

सहीचा पगार, हातातला पगार

तुम्ही म्हणाल, डोंबिवलीची बाई इतक्या लांब गेली कशाला? उत्तर फार रोमँटिक नाही. ताई एम.एस्सी., बी.एड. इथल्या एका विनाअनुदानित शाळेत तिनं सात वर्षं काढली. सही एका आकड्यावर करायची आणि हातात दुसराच पगार घ्यायचा. त्यात फ्लॅटचा हप्ता. मग एक दिवस परदेशी नोकरीची जाहिरात, इंटरव्ह्यू आणि सहा महिन्यांत ती बोटीत. मालदीवच्या शाळांमध्ये दिवेही आणि इस्लाम हे विषय सोडले तर शिक्षण बहुतांशी इंग्रजीत. वरच्या वर्गातली मुलं केंब्रिजच्या परीक्षा देतात. गणित-विज्ञानाला स्थानिक शिक्षक पुरत नाहीत, म्हणून वर्षानुवर्षं भारतातून शिक्षक येतात.

पगार रुफियात मिळतो. एका डॉलरला साधारण १५.४२ रुफिया हा सरकारी दर. पण डॉलरची इथे नेहमीच चणचण असते, त्यामुळे पैसे घरी पाठवणं हा एक स्वतंत्र उद्योग आहे. तरीही हप्ता गेली पाच वर्षं चुकलेला नाही. हे सांगताना ताईचा आवाज जरा ताठ होतो.

शाळा रविवार ते गुरुवार. सुट्टी शुक्रवार-शनिवार. सकाळी साडेपाचला उठायचं, डबा करायचा, सातला शाळेत हजर. दुपारी घरी. आल्यावर भात, कालची आमटी, तासभर झोप. चारनंतर वह्या तपासणं आणि मग दारावर टकटक, ‘मिस?’

मी होते त्या सगळ्या दिवसांत एक मुलगी रोज यायची. वडील मासेमार. तिला सीप्लेनची पायलट व्हायचंय आणि बीजगणित तिला छळतंय. स्वयंपाकघरातल्या फरशीवर मांडी घालून ती उदाहरणं सोडवायची आणि ताई फोडणी करता करता मान वळवून बघायची. ‘साइन चुकली. परत बघ.’ मोहरी तडतडायची, मुलगी खोडायची, परत लिहायची. तिची परीक्षा याच वर्षी आहे.

लोनू, मिरुस, हुनी

आता खाण्याकडे येऊ या. मला वाटलं होतं, परक्या मुलखात ताई बिचारी मॅगीवर जगत असेल. पहिल्याच सकाळी दत्तानं आमच्यासाठी नाश्ता पाठवला. मस हुनी आणि रोशी. रोशी म्हणजे आपली रोटी. मस म्हणजे मासा, हुनी म्हणजे खोवलेलं खोबरं. शिजवलेला कुपा, म्हणजे ट्यूना, हातानं कुस्करायचा, त्यात कांदा, मिरची, लिंबू, खोबरं. बस्स! गॅस पेटवायचीही गरज नाही. हा इथला रोजचा नाश्ता आहे आणि मी सहाच्या सहा दिवस तो चापला.

खोबरं खोवायला दत्ता ज्यावर बसते त्याला हुनी गोंडी म्हणतात. बुटकं लाकडी बसणं आणि पुढे दातेरी पातं. मामीची खोवणीच जणू विमानात बसून इथे आली!

मग ताईनं मला तिची आवडती यादी ऐकवली. मीठ म्हणजे लोनू. (आपण अळणीला ‘अलोणी’ म्हणतो ते आठवा.) मिरची म्हणजे मिरुस. पाणी म्हणजे फेन. साखर म्हणजे हकुरु. दूध म्हणजे किरु, आपलं क्षीर. आपल्या ‘प’चा इथे ‘फ’ होतो आणि ‘स’चा ‘ह’, एवढं लक्षात ठेवलं की अर्धी भाषा ओळखीची वाटायला लागते. दिवेही ही सिंहलीची जवळची बहीण, आणि मराठीसारखीच इंडो-आर्यन कुळातली. ताई पहिल्या वर्षी एका घरी चहाला गेली, तिथे गोड पातळ धिरड्यात खोबरं आणि गूळ घालून गुंडाळी केलेली. नाव विचारलं तर म्हणाल्या, हुनी हकुरु फोळी. खोबरं, साखर, पोळी! ‘मी तिथे रडायलाच लागले गं,’ ताई म्हणाली. ‘त्या बायकांना वाटलं, आवडलं नाही.’

लिपी मात्र एकदम वेगळी. ताना नाव तिचं, उजवीकडून डावीकडे लिहितात. पण तिथेही ताईला तिच्या कामाची गोष्ट सापडलीच. तानातली पहिली नऊ अक्षरं अरबी आकड्यांवरून आलीत आणि पुढची नऊ जुन्या स्थानिक आकड्यांवरून. ‘आकड्यांची अक्षरं करणारे लोक आहेत हे. गणिताच्या बाईला आणखी काय पाहिजे?’

बोट बोलते, घर चालते

खोबरं आणि कुपा यांना तोटा नाही. बाकी सगळं बोटीवर. प्रवाळाच्या वाळूत भाजीपाला फारसा होत नाही, त्यामुळे कांदा, बटाटा, तांदूळ, पीठ, डाळ सगळं बाहेरून येतं आणि त्यातलं बरंचसं भारतातूनच. त्यासाठी १९८१ पासून दोन्ही देशांत करार आहे. आपल्याकडे निर्यातीवर बंधनं असली तरी मालदीवचा ठरलेला कोटा दिला जातो. २०२४-२५ साठी भारतानं ३५ हजार टनांहून जास्त कांद्याचा कोटा मंजूर केला होता. तेव्हा ताईच्या टोपलीतला कांदा नाशिकचा असू शकतो, हा तिचा आवडता दावा आहे. कांद्याला विचारून बघायचं तेवढं राहिलंय!

आठवड्याची मालवाहू बोट येते, तेव्हा अख्खं गाव जेट्टीवर. खोक्यांवर घरांची नावं लिहिलेली. ताई दुकानदाराच्या खोक्यांवर नजर ठेवून उभी असते. मी गेले त्या आठवड्यात बोटीतून कोबी, गाजरं आणि तीन दुधी आले. त्यातला एक दुधी ताईनं अक्षरशः छातीशी धरून घरी आणला.

मे महिन्याच्या सुमारास हुळंगू, म्हणजे नैर्ऋत्य मोसम सुरू होतो. समुद्र खवळला की बोटीचं काही खरं नाही. मग ताईची ‘प्लॅन बी’ डिपार्टमेंट कामाला लागते. दत्ताच्या अंगणातल्या शेवग्याचा पाला, मूगडाळ घालून. इथले लोक हाच पाला मस हुनीतही घालतात. निरफणस तर दारात. दत्ता त्याचे चिप्स तळते, ताई रवा लावून काप करते आणि दोघी एकमेकींच्या ताटातले पळवतात. कुप्याचं कालवण आमसुलं घालून. माशाचं नितळ पाणी, गरुदिया, भातावर घेऊन वर लिंबू. ते गरुदिया आटवून आटवून दाट तपकिरी करतात, त्याला रिहाकुरु म्हणतात. वास असा, की पहिल्या वेळी मी खिडकी उघडली. चौथ्या दिवशी मीच भाताबरोबर मागून घेतलं.

आणि गणपतीत? घरात मूर्ती नसते. ताई आंघोळ करून, मनातल्या मनात नमस्कार करून उकडीचे मोदक करते. नारळ इथला, गूळ मामीचा, तांदूळ भिजवून वाळवून मिक्सरवर काढलेला. पहिल्या वर्षी पाऱ्या फुटल्या. आता एकवीस होतात. दोन दत्ताच्या घरी जातात. ‘फोळी आहे, पण वेगळ्या आकाराची,’ असा तिकडचा शेरा.

साडेआठचं जेवण

रोज रात्री आठला ताई मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करते. डोंबिवलीत तेव्हा साडेआठ झालेले असतात. तिकडे जिजू, भाचा आणि ताईच्या सासूबाई ताटं घेऊन बसतात, इकडे ताई. पाच वर्षं हाच नेम. पहिल्या दिवशी व्हिडिओ कॉलवर मी बघितलं तर दोन्हीकडे दुधीची भाजी, मुगाची आमटी, भात.

‘तू यांचं बघून करतेस?’ मी विचारलं.

‘नाही गं. ते माझं बघून करतात.’

मला क्षणभर कळेना. मग भाच्यानंच पलीकडून एक्स्प्लेन केलं. डोंबिवलीत बाजारात सगळंच मिळतं, आईच्या बेटावर मिळत नाही. म्हणून संध्याकाळी आईचा मेसेज येतो, आज काय आहे. मग आजी तेच करते. बोट आली की दुधी, नाही आली की बटाटा. गेल्या पावसात सलग नऊ दिवस डोंबिवलीत बटाटा होता. स्टेशनबाहेर भाज्यांचे ढीग लागलेले असताना!

‘आजी कंटाळली नाही?’

‘कंटाळली ना,’ सासूबाई मागून म्हणाल्या. ‘पण एकटीनं बटाटा खायचा म्हणजे फारच कंटाळवाणं असतं.’

निरोप

निरोप माझ्या घशात अडकून राहिला तो पाचव्या रात्रीपर्यंत. ताई कांदा चिरत होती, मी लसूण सोलत होते. शेवटी म्हटलं, ‘मामी म्हणाली, यंदा सही करू नको.’

सुरी थांबली नाही. ‘करून दोन आठवडे झाले. एक वर्षाची.’

मग ती बराच वेळ बोलली. त्यात हप्ता होता, अजून चौदा राहिलेत. फरशीवर बसून उदाहरणं सोडवणारी ती मुलगी होती. आणि गेल्या वर्षीचा जुलै होता. भाच्याला डेंग्यू झाला, हॉस्पिटलमध्ये ठेवलं आणि इकडे समुद्र असा, की दोन दिवस एकही बोट सुटली नाही. ‘जेट्टीवर जाऊन उभी राहायचे मी. नुसतीच. दत्ता हाताला धरून घरी आणायची. जेवण जात नव्हतं तर तिनं गरुदिया भात कालवून भरवला मला. लहान मुलासारखा.’ तिसऱ्या दिवशी ती निघाली, पोचली तेव्हा त्याचा ताप उतरला होता. ‘तो म्हणाला, आई, आलीस ते बरं झालं, पण आता परीक्षा आहे ना तुझ्या मुलांची? मला त्याचा राग आला होता. अजून येतो कधीकधी.’

‘मग सही?’

‘त्याला विचारून केली. तो म्हणाला, दहावी मला द्यायचीय, तुला नाही. तू रोज साडेआठला ये म्हणजे झालं.’ ताईनं पदरानं डोळे पुसले. कांदा होता म्हणा. पण तो बराच आधी चिरून झाला होता.

आपल्याला अशा गोष्टींत लगेच बाजू घ्यायची सवय असते. करिअर की फॅमिली, असा पोल घेतला तर फटाफट बटणं दाबू आपण. मी त्या स्वयंपाकघरात बसून खूप विचार केला आणि मला बटण सापडलं नाही. ताई बरोबर आहे का? माहीत नाही. मामी चूक आहे का? मुळीच नाही.

परत आल्यावर मी डोंबिवलीला गेले. दत्तानं दिलेली रिहाकुरुची बाटली दोन पिशव्यांत गुंडाळून आणली होती, तरी लोकलमध्ये शेजारची बाई उठून गेली. साडेआठ वाजले. जिजूंनी मोबाइल तांब्याला टेकवला. आजीनं ताटं वाढली.

बटाटा!

‘बोट नाही आली वाटतं?’ मी भाच्याला विचारलं.

‘उद्या येईल,’ तो म्हणाला आणि आईला दिसावं म्हणून ताट जरा पुढे सरकवलं.

घरी करून बघा : मस हुनी

(दोघांसाठी, वेळ दहा मिनिटं)

शिजवलेला किंवा डब्यातला पाणी निथळलेला ट्यूना एक वाटी, ताजं खोवलेलं खोबरं एक वाटी, एक कांदा अगदी बारीक चिरून, एक-दोन हिरव्या मिरच्या, एका लिंबाचा रस, मीठ. आधी कांदा, मिरची, मीठ आणि लिंबाचा रस हातानं चांगलं चुरून घ्या. मग मासा, शेवटी खोबरं. गरम पोळीबरोबर खा, सोबत कडक चहा. मासे खात नसाल तर? ताईच्या शाळेतली एक शाकाहारी शिक्षिका माशाऐवजी शेवग्याचा कोवळा पाला वाफवून, बारीक चिरून घालते. दत्ताच्या मते ते हुनी आहे, मस नाही. पण चव झकास!